आम्ही डंकन

“मडमबाई येऊ दे. आपलं आणि तिचं रक्त एक नाही असं ती म्हणाली, तर मी स्वतः साखर घेऊन खरातांच्या दारात जाईन. आणि एक निघालं, तर शांतवनचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. कबूल?”

बाबांनी व्हरांड्यात उभं राहून, खांद्यावरची चौकड्यांची शाल सावरत हे सांगितलं. आई आत चुलीपाशी होती. मी म्हणाले, “कबूल.”

काय वेडी होते बघा! लग्न माझं, नवरा माझा, आणि निकाल कोण देणार तर समुद्रापलीकडून येणारी कुणी म्हातारी. पण तेव्हा माझं वय तेविशीचं आणि बापाच्या शब्दावर माझा देवाच्या खालोखाल विश्वास. शिवाय मला वाटलं, ही अट माझ्याच बाजूची आहे. आमच्या आडनावाचा काही ठिकाणा नव्हता हे मला घरातल्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं.

आम्ही डंकन. सावरखेडच्या मिशन कंपाउंडात बाबा डंकन मास्तर म्हणून ओळखले जायचे. शाळेत इंग्रजी त्यांच्याकडे. बाजारात लोक आम्हाला डंकण म्हणायचे. पणजोबांच्या थडग्यावर नुसतंच ‘दानिएल’ लिहिलेलं, पुढं आडनाव नाही. आणि गंमत म्हणजे पणजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाची लेकरं नगरला होती, ती साबळे आडनाव लावायची. एक भाऊ डंकन आणि एक साबळे, हे कसं काय, असं कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, “तो दत्तक गेला होता.” कुणाला गेला, का गेला, ते विचारायचं नाही.

बाबांची कथा ठरलेली होती. रेल्वेच्या पुलावर डंकनसाहेब नावाचा स्कॉटलंडचा इंजिनियर होता, त्यानं आमच्या खापरपणजीशी चर्चमध्ये लग्न लावलं, तो तापानं गेला आणि मागं आमचा वंश राहिला. पुरावा काय, तर बाबांचे घारे डोळे. यावर आई एकच बोलायची, “घारे डोळे आपल्या मांजरीचेपण आहेत. तीपण स्कॉटलंडचीच असंल.” ती चौकड्यांची शाल बाबांनी भुसावळच्या बाजारात घेतली होती आणि त्या चौकड्या आमच्या कुळाच्या आहेत असं ते पाहुण्यांना सांगायचे. आई म्हणायची, “मग सोलापुरी चादर कोणाच्या कुळाची?”

शांतवन खरात मिशन दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायचा. रक्त-लघवी तपासायचा. त्याचं घर स्टेशनामागच्या वाडीत. त्याला मुळाक्षरांपासून इंग्रजीपर्यंत सगळं बाबांनीच शिकवलं होतं. बाबांचा लाडका विद्यार्थी. तोच जेव्हा जावई व्हायची गोष्ट आली, तेव्हा बाबांना त्याची वाडी दिसायला लागली. “पोरगा सोन्यासारखा आहे,” ते म्हणाले, “पण आपलं रक्त वेगळं, रूथ.”

शांतवननं ते हसण्यावारी नेलं होतं. दवाखान्यातले रॉस डॉक्टरसाहेब स्कॉटलंडचेच. त्यांचं इंग्रजी म्हणजे खडीच्या रस्त्यावरून चाललेली बैलगाडी; कंपाउंडात ते फार थोड्यांना कळायचं. शांतवन तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. तो त्यांची इतकी हुबेहूब नक्कल करायचा, ‘र’ असा घोळवायचा, की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. “तुझे बाबा स्कॉटलंडचे,” तो म्हणायचा, “मग मी तर पक्का तिथलाच. बघ की कसा बोलतो!”

मडमबाईंचा पत्ता त्या रॉससाहेबांनीच मिळवून दिला. त्यांच्या ओळखीत एक मिस डंकन होत्या, त्यांच्या घराण्याचा सावरखेडशी जुना संबंध होता म्हणे. बाबा सांगायचे आणि मी माझ्या वळणदार अक्षरात पत्रं लिहायची. लिहायला मला बरं यायचं, बोललेलं मात्र चटकन कळायचं नाही. बाई म्हणाल्या, पत्रात काय सांगू, नाताळच्या आधी मीच येते. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं. “काही नातं असल्याशिवाय एवढ्या लांब कोण येतं?” असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. भिंती चुन्यानं धुतल्या, मांजरीलासुद्धा आंघोळ घातली.

बाई रविवारी उपासनेनंतर मंडळीशी बोलणार असं ठरलं. सांगायला नकोच, दुभाषे बाबा. साहेब लोकांचं बोलणं मराठीत करायचा मान कंपाउंडात त्यांचाच होता. साहेब एक वाक्य बोलायचे, बाबा दोन बोलायचे, आणि मंडळीला दुसरंच जास्त आवडायचं.

मिस डंकन ठेंगण्या, जाडजूड, गुडघ्यांनी अधू होत्या. पायात पुरुषी बूट. चेहरा लालबुंद, पण हसू असं की बघणाऱ्याला बरं वाटावं. त्या वेदीपाशी उभ्या राहिल्या, शेजारी बाबा, खांद्यावर शाल. पुरुष एकीकडे, आम्ही बायका दुसरीकडे सतरंजीवर. शांतवन पुरुषांच्या बाजूला दाराशी उभा होता. रॉससाहेब त्या आठवड्यात दौऱ्यावर होते. शेजारच्या मार्थाबाईनं माझा हात धरला.

बाई बोलू लागल्या. ‘आजोबा’ कळलं, ‘दुष्काळ’ कळला, ‘डंकन’ तर दोनदा कळलं. बाकी सगळी खडी. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. त्यांनी बाबांच्या दंडावर हात ठेवला, एक लांबलचक वाक्य बोलल्या आणि थांबल्या.

बाबा काही बोलेनात.

सगळी मंडळी बघतेय. बाबांनी ओठ ओले केले. पाणी मागितलं. कुणीतरी तांब्या दिला, ते दोन घोट प्यायले. मला वाटलं, गळा भरून आला माझ्या बापाचा.

“भगिनींनो आणि बंधूंनो,” बाबा म्हणाले. आवाज आधी खरखरीत होता, मग नेहमीसारखा खणखणीत झाला. “मिसबाई म्हणतात, दुष्काळाच्या काळी त्यांच्या आजोबांचे भाऊ या भागात होते. त्यांचं मूल इथं राहिलं. ते मूल म्हणजे दानिएल, माझे आजोबा. मिसबाई म्हणतात, आज मी माझ्या रक्ताला भेटायला आले.”

चर्चमध्ये टाळ्या सहसा वाजत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. बाई गोंधळून हसल्या आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. पाळकसाहेबांनी बाबांना मिठी मारली. मी दाराकडे पाहिलं. शांतवन खाली फरशीकडे बघत होता. मला वाटलं, मी हातची गेले म्हणून त्याला रडू येतंय. बाबा लोकांच्या गराड्यातून वाट काढत आधी त्याच्याकडेच गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. मला वाटलं, समजूत घालतायत. किती मोठ्या मनाचा बाप माझा!

दुपारी दवाखान्याच्या मागं, लिंबाखाली, मी शांतवनला गाठलं.

“निकाल लागला,” मी म्हणाले.

“तू ऐकलंस ना सगळं?”

“ऐकलं.”

“मग?”

“मग काय? मी शब्द दिलाय. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

तो लिंबाची काडी मोडत राहिला. “बरं,” म्हणाला. इतकंच. मला वाटलं होतं तो भांडेल, हात धरेल, निदान तुझ्या बापाच्या रक्ताला आग लागो असं तरी म्हणेल. तो ‘बरं’ म्हणाला आणि आत गेला. मी पदराचा बोळा तोंडात धरून घरी आले. घरी बाई जेवायला बसल्या होत्या, आईनं बिनतिखटाचा रस्सा केला होता, आणि बाबा त्यांना फार आग्रह करत होते.

बुधवारी बाई निघणार होत्या. बाबा जीप ठरवायला स्टँडवर गेले. आई करंज्या बांधून देत होती, तेवढ्यात बाईंनी मला खुणेनं बोलावलं. त्यांना जुनं अनाथालय बघायचं होतं. बाबांनी तीन दिवस त्यांना सगळं कंपाउंड दाखवलं, तेवढं एक राहिलं होतं. “पडकं आहे, साप निघतात,” असं बाबा सांगत होते. आज बाई ऐकेनात.

अनाथालयाची लांब खोली आता वसतिगृहाचं अडगळीचं सामान ठेवायला होती. मी कडी काढली. आत भिंतीला लोखंडी खाटा लावून ठेवलेल्या होत्या, लहान मुलांच्या, गंजलेल्या. बाई गुडघे धरत एकेका खाटेपाशी वाकल्या, बोटानं धूळ पुसू लागल्या. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक पितळी पट्टी होती. मी पण वाकून वाचलं. मरे. ग्रँट. फोर्ब्ज. मला कळेना. हे तर आमच्या कंपाउंडातले लोक! मरे गवंडी, ग्रँट नर्सबाई, फोर्ब्ज चौकीदार. सगळे तिथं रांगेनं उभे होते.

कोपऱ्यातल्या खाटेपाशी बाईंनी मला हाक मारली. पट्टीवर आमचं आडनाव होतं.

आता त्या माझ्याशी बोलल्या, पण सावकाश. लहान पोराशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून. आणि मला सगळं कळलं. सगळं! त्यांचे आजोबा खेड्यात पाव भाजायचे. तिथल्या शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे जमवले, आजोबांनी त्यात भर घातली आणि दुष्काळातल्या लेकरांसाठी एक खाट दिली. जो खाट देईल, त्याचं नाव खाटेला. आणि खाटेवर जे लेकरू येईल, त्याला खाटेचं नाव. तशी रीतच होती. “तुझा पणजोबा,” बाई खाट थोपटत म्हणाल्या, “आमच्या खाटेवर वाढला.”

मी माझं शाळेचं इंग्रजी गोळा केलं. “रक्त? आपलं रक्त एक?”

त्या हसायलाच लागल्या. “नाही गं बाळ! थेंबभरसुद्धा नाही. म्हणून तर मला एवढं कौतुक. रक्ताच्या नात्यासाठी कुणीही येतं.” मग त्यांनी डोळे बारीक केले. “मी हे चर्चमध्ये सांगितलं की! तुझ्या वडिलांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. टाळ्या नाही का वाजल्या?”

मी मान डोलावली. त्यांनी माझा गाल कुरवाळला.

तो तांब्या आठवला मला. ते दोन घोट पाणी. माझ्या बापाचा गळा भरून आला नव्हता. तो तिथं उभ्या उभ्या माझं लग्न मोडायला लागणारे शब्द जुळवत होता.

बाईंना घरी सोडून मी तडक लॅबमध्ये गेले. शांतवन मायक्रोस्कोपात डोळा घालून बसला होता.

“शांतवन, बाबा खोटं बोलले! बाई तसं काही म्हणाल्याच नव्हत्या. आपलं लग्न...”

त्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसायला हवा होता. निदान आश्चर्य. काहीच नव्हतं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“मी तिथंच होतो की. त्यांचं बोलणं मला कळतं.”

रॉससाहेबांची ती नक्कल, तो घोळवलेला ‘र’, माझं ते हसणं. मूर्ख मी! सगळ्या चर्चमध्ये बाईंचं बोलणं समजणारी दोन माणसं, एक माझा बाप आणि एक हा.

“मग बोलला का नाहीस?”

“भर मंडळीत मास्तरांना खोटं पाडू? त्यांनी मला अक्षर शिकवलं, रूथ. त्यांच्यामुळं मी या खुर्चीवर आहे.”

“भर मंडळीत नको. मला सांगायचंस. लिंबाखाली सांगायचंस!”

“मी विचारलं होतं तुला, ऐकलंस ना सगळं. मला वाटलं तुलाही...”

“मी बाबांचं मराठी ऐकलं, शांतवन. तुला ठाऊक आहे मला ते इंग्रजी कळत नाही. तू त्यावरून मला चिडवायचास.”

तो मग हळूच म्हणाला, “मास्तर माझ्याकडे आले होते. सगळ्यांच्या आधी. म्हणाले, ‘शांतवन, तू मला मुलासारखा. माझी लाज राख.’”

“आणि तू काय म्हणालास?”

“मान हलवली.”

बघा. दोघांनी मिळून माझा निकाल लावला. एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि मी मधल्या मधे शब्द पाळणारी शहाणी मुलगी. बापाचा राग आला होता, पण त्याची निदान कथा बुडत होती. ह्याचं काय बुडत होतं? ह्याच्या हातातून मी जात होते आणि हा मान हलवत होता.

“अजून काही बिघडलं नाही,” शांतवन उठत म्हणाला. “चल, आपण दोघं जाऊन मास्तरांना...”

“तू बस,” मी म्हणाले. “तुझं काम कर.”

येताना मी वसतिगृहाच्या दोन गड्यांना घेऊन अनाथालयाच्या खोलीवर गेले आणि ती खाट उचलून घरी आणली. व्हरांड्यात, बाबांच्या आरामखुर्चीशेजारी ठेवली. बाई गेल्या होत्या. बाबा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलेले. आईनं विचारलं, हे काय, आणि मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती डोक्याला हात लावेल. तिनं पदरानं खाटेचा गंज पुसायला घेतला.

“म्हणजे नगरचे साबळे तेच खरे,” ती म्हणाली. “धाकट्याला कुणीतरी नातेवाइकानं नेलं असंल, थोरला इथं राहिला. एवढंसं पोर. बरं झालं बाई, उपाशी नाही मेलं.” आणि मग, “यात लाज कसली गं वाटली ह्यांना?”

बाबा आले. पायरीवरच थबकले.

“ही इथं कुणी आणली?”

“मी. डंकनांची आहे. पाहुण्यांना दाखवायला बरी.”

त्यांचे घारे डोळे खाटेवरून माझ्याकडे, माझ्याकडून पट्टीकडे फिरले. ते पायरीवर बसले. शाल खाली घसरली ती त्यांनी उचलली नाही.

“तिनं तुला सांगितलं?”

“सावकाश बोलल्या की मला समजतं, बाबा.”

“रूथ, उभ्या मंडळीपुढं काय सांगणार होतो मी? डंकन मास्तरांनी नाव खाटेवरून उचललंय म्हणून?”

“हो. तेवढंच सांगायचं होतं. तुमचीच अट होती. मी माझी बाजू पाळली.”

ते मग एकदम उठले, माझे दोन्ही हात धरले. “मी जातो. आत्ता जातो खरातांकडे, साखर घेऊन. तुझ्या मनासारखं होऊ दे. फक्त हे मंडळीत जाऊ देऊ नकोस, बाळा. एवढं ऐक.”

परत सौदा! रविवारी माझं लग्न मोडून कथा वाचवली, आता माझ्या मौनाच्या बदल्यात तेच लग्न परत देत होते. चार दिवसांपूर्वी हेच शब्द ऐकायला मी अनवाणी स्टेशनपर्यंत धावले असते.

“साखर राहू द्या,” मी म्हणाले. “तो माझा नवरा व्हायच्या आधीच तुमचा झाला.”

आई आत गेली आणि मोठ्यानं भांडी घासू लागली. तिला रडायचं असलं की ती भांडी घासायची.

मी कुणाला काही बोलले नाही. खाट मात्र व्हरांड्यातच राहिली. बाबांनी तिच्यावर चौकड्यांची शाल अंथरून टाकली, पट्टी झाकेल अशी. मी रोज सकाळी झाडताना शाल काढायची, बाबा शाळेतून आले की परत घालायचे.

ईस्टर झाल्यावर शांतवनचं लग्न ठरलं. मुलगी बीडकडची, नर्स. आमच्यात लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवार ते चर्चमध्ये जाहीर करतात. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि नेहमीचं विचारलं, “या विवाहास कोणाची काही हरकत असेल, तर त्यानं आता बोलावं, नाहीतर कायमचं मौन धरावं.”

यावर कधी कुणी बोलत नाही. एक क्षण सगळे गप्प बसतात, पोरं खोकतात, आणि पुढचं गीत सुरू होतं.

मी उभी राहिले.

मार्थाबाईनं माझं लुगडं ओढलं. सगळी मंडळी वळली. शांतवन त्या रविवारी पाहत होता तशीच फरशी पाहत होता. पुढच्या रांगेत बाबांचा चेहरा राखेसारखा झाला.

“माझी हरकत नाही, पाळकसाहेब,” मी म्हणाले. “मौन धरायला सांगितलंत म्हणून उठले. मंडळीच्या हजेरीत माझं नाव आजपासून रूथ साबळे असं वाचा. आमचं आडनाव साबळे आहे.”

आणि मी खाली बसले. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. बिचारे पाळकसाहेब, त्यांना काही सुधरेना. त्यांनी सवयीनं पुढच्या रांगेकडे पाहिलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “ही काय म्हणते? जरा सांगता का?”

बाबा उठले. मंडळीकडे वळले, तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत होतो. आयुष्यभर परक्यांचं बोलणं आम्हाला समजावून सांगणाऱ्या माझ्या बापाला त्या दिवशी स्वतःच्या लेकीचं मराठी काही सांगता आलं नाही.